साखरेचा माग

३ फेब्रुवारी

आप्पा,

नमस्कार. माझा फोन तुम्ही उचलत नाही, आणि आईचा फोनही हल्ली तुमच्याच खिशात असतो असं मावशी म्हणाली. म्हणून लिहिते आहे. कागदावर लिहिलेलं काहीही तुम्ही न वाचता टाकत नाही, खोक्यावरच्या बारीक सूचनासुद्धा, हे मला माहीत आहे.

आपलं शेवटचं बोलणं झालं तेव्हा तुम्ही म्हणालात, "तू तिथे तुझ्या पेशींना भरव. इथे तिला भरवायला मी आहे." मी उत्तर द्यायच्या आत फोन बंद झाला होता. तो विषय मी इथे काढत नाही.

विषय साखरेचा आहे.

मावशी सांगते की आईच्या गाठीचं निदान झाल्यापासून घरातून आधी साखरेचा डबा गेला, मग बिस्किटं, मग केळी, आणि आता बटाटा आणि पावही गेला. "घरात मुंगी फिरकत नाही," ती म्हणाली. "सगळ्या शेजारी बदली करून गेल्या." हे सांगताना ती हसली नाही. मावशी स्वतःच्या विनोदावर हसली नाही की मी सावध होते.

फ्रिजवर तुम्ही ते कात्रण लावलं आहे म्हणे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. मला फेलोशिप मिळाली तेव्हाचं. 'कॅन्सर जगतो साखरेवर! प्लंबरच्या लेकीचं संशोधन.' तो मथळा माझा नाही, आप्पा. वार्ताहराला मी बराच वेळ समजावून सांगत होते आणि तो मान डोलवत होता. मी म्हटलं होतं की कर्करोगाच्या बऱ्याच पेशी साध्या पेशींपेक्षा जास्त साखर ओढतात, आणि ती आत गेल्यावर तिचं काय होतं याचा माग आम्ही काढतो. माग लागला म्हणजे इलाज लागला असं नाही, हेही म्हटलं होतं. ते कात्रणात मावलं नसावं.

माझं काम तुम्हाला मी एकदाच नीट सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही एका इमारतीत अडकला होतात. तिथली एक भिंत सारखी ओली असायची आणि प्रत्येक मजल्यावरचा भाडेकरू वरच्याकडे बोट दाखवायचा. तुम्ही एकेका टाकीत रंग सोडलात आणि भिंतीतून कुठला रंग येतो याची वाट बघत बसलात. मी म्हटलं, माझं काम तेच. फक्त माझा रंग डोळ्यांना दिसत नाही. साखरेत कार्बन असतो. त्या कार्बनचा एक किंचित जड भाऊ असतो. पुस्तकात त्याला समस्थानिक म्हणतात. तो किरण सोडत नाही, अपाय करत नाही, फक्त वजनाला थोडा जास्त भरतो. त्या जड कार्बनची साखर पेशींना द्यायची, मग पेशी आहेत तिथल्या तिथे थांबवायच्या, आणि मास स्पेक नावाच्या मशीनवर त्यांच्या आतल्या रेणूंची वजनं करायची. ज्याचं वजन वाढलं, त्याच्यापर्यंत आपली साखर पोचली.

तुम्ही विचारलं होतंत, "आणि गळती सापडल्यावर व्हॉल्व्ह कोण बंद करतं?"

मी म्हटलं होतं, अजून कोणी नाही. ते उत्तर तुम्हाला आवडलं नव्हतं. आता तो तुम्ही स्वतःच बंद केला आहे.

तो उघडा. आईला जे घशाखाली जाईल ते द्या, साखरेसकट. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी हेच सांगितलं होतं ना? "ती बाई येईल त्याला तेच सांगते," असं तुम्ही म्हणालात म्हणे. येईल त्याला तेच लागू असेल, म्हणूनही सांगत असेल.

इथे सगळं ठीक.

तुमची,
वकील


१९ फेब्रुवारी

आप्पा,

पत्र पोचलं आणि तुम्ही ते दोनदा वाचलंत, हे कळलं. त्यावर तुम्ही काय म्हणालात तेही कळलं. "आधी म्हणाली साखरेवर जगतो, आता म्हणते साखर द्या. लहानपणी वकील म्हणायचो ते उगाच नाही. दोन्ही बाजूंनी बोलते."

मावशीने काल थर्मासमधून साखर घातलेलं दूध आणलं होतं, त्याची हकिकत तिने मला फोनवर सांगितली. तुमची बाजू मला माहीत नाही, म्हणून तिची लिहिते. चुकत असेल तर दुरुस्त करा.

"मी म्हटलं, ताई, एक घोट घे. कोणाला कळणार नाही. तर म्हणते कशी, लेकीने एवढं शिकून सांगितलंय, दोन चमचे साखरेसाठी तिचं शिक्षण पाण्यात घालू का? आणि तेवढ्यात तुझा बाप दारात. थर्मास उचलला आणि हुंगला. अगं, हुंगला! मी म्हटलं, भाऊजी, बायको आजारी आहे की अटकेत? तर मला म्हणतो, वरचा व्हॉल्व्ह बंद केला की खालची गळती थांबते, एवढी साधी गोष्ट आहे. मी म्हटलं, माझी बहीण म्हणजे काय पाण्याची टाकी आहे? मग दूध मीच प्यायले. एवढ्या भांडणानंतर मलाच गरज होती."

तुम्ही ते दूध ओतून टाकलं नाहीत, मावशीला पिऊ दिलंत, याची मी नोंद घेतली आहे.

आता व्हॉल्व्हचं. आप्पा, तुमचा हिशेब घराच्या नळांना लागू आहे, कारण तिथे पाणी बाहेरून येतं. शरीरात एक टाकी आतच असते. तिचं नाव यकृत. रक्तात साखर कमी पडली की यकृत स्वतः साखर तयार करतं, आणि त्यासाठी लागणारा माल अंगातून काढतं. दंडातून, मांड्यांतून. म्हणजे तुम्ही बाहेरून कितीही बंद केलंत तरी गाठीला तिचा वाटा मिळत राहतो. फक्त तो आता आईच्या अंगातून जातो. तिचं घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत सरकतं असं मावशी म्हणाली. ते मांस कुठे गेलं असेल असं तुम्हाला वाटतं?

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मावशीच्या देखत तुम्हाला सांगितलं आहे की वजन असंच उतरत राहिलं तर केमोचा पुढचा डोस देता येणार नाही. मला बाकी कशावर वाद घालायचा नाही. तो डोस चुकू नये, एवढंच.

इथे सगळं ठीक.

वकील


८ मार्च

आप्पा,

तुमचा निरोप मिळाला. मावशीने तो तुमच्या आवाजात सांगितला, त्यामुळे खोटा असणार नाही. "बोलून उपयोग नाही म्हणावं. मशीनवर करून दाखव. साखर तोडली तरी गाठ मरत नाही हे रंग टाकून दाखव. दाखवलंस की त्याच दिवशी डबा आणतो."

हा मला योग्य प्रस्ताव वाटला. पुरावा मागणारा माणूस मला कधीही चालतो.

मी प्रयोग केला. गाठीच्या पेशी एका जातीच्या घेतल्या आणि काचेसारख्या पारदर्शक बशांमध्ये वाढवल्या. आम्ही त्यांना डिश म्हणतो. निम्म्या डिशना साखर दिली, निम्म्यांना दिली नाही. सगळ्यांना ग्लुटामिन दिलं. तेही एक अन्नच, रक्तात असतंच. या वेळी जड कार्बन साखरेत नव्हता, ग्लुटामिनमध्ये होता. म्हणजे साखरेचा पाइप तोडल्यावर पेशी दुसऱ्या पाइपातून ओढतात का, हे कळावं.

सोबत आलेख जोडला आहे. निळे पट्टे साखर असलेल्या डिशचे, पिवळे पट्टे बिनसाखरेच्या डिशचे. उजवीकडे बघा. बिनसाखरेच्या पेशी जवळजवळ तेवढ्याच संख्येने जिवंत आहेत, आणि जड कार्बन त्यांच्यात सगळीकडे पोचला आहे. एक नळ बंद केला तर त्यांनी दुसरा सोडला.

तुम्ही मागितलं होतं ते हेच.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम परगावी गेल्या आहेत, त्यामुळे आलेख त्यांच्या आधी तुम्हाला मिळतो आहे. असं करायची पद्धत नाही. जरा घाई केली, पण आकडे मी तपासले आहेत.

डब्याचं काय झालं ते मावशीकडून कळवा. किंवा स्वतः कळवा.

वकील


१७ मार्च

आप्पा,

तुम्ही त्याच दिवशी डबा आणलात. मावशी म्हणते, दुकानदाराला आलेख दाखवून आणलात, आणि त्याने निळं-पिवळं बघून "सवलत वगैरे आहे का यात?" असं विचारलं. तुम्ही त्याला उभ्या उभ्या ग्लुटामिन समजावलंत. तुम्ही ते बरोबर समजावलंत की नाही हे मावशीला सांगता आलं नाही.

आईने पेलाभर दूध घेतलं, साखर घालून. "लेकीने मशीनवर पाहिलंय ना, मग द्या," असं म्हणाली. तुम्ही कामावर जाताना तिच्या उशाशी पेला भरून ठेवता आणि परत येता तेव्हा तो रिकामा असतो. चांगलं आहे.

कात्रण काढून त्या जागी आलेख लावला आहे असं कळलं. तो तिथे नसावा. तो अजून कच्चा आहे. मॅडम परत आल्या आहेत, त्यांना दाखवायचा आहे.

जास्त लिहीत नाही. काम आहे.

वकील


९ एप्रिल

आप्पा,

मध्ये पत्र आलं नाही कारण कळवण्यासारखं काही नाही, असं मी मावशीला सांगत होते. ते खरं नव्हतं.

मी पाठवलेला आलेख चुकीचा आहे. तो फ्रिजवरून काढा.

काय झालं ते क्रमाने लिहिते. मास स्पेक सांभाळणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत. आम्ही सगळे त्यांना मशीनकाका म्हणतो. माझ्या आलेखानंतर त्यांनी उरलेले नमुने मशीनवर लावले, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो द्रव. मला बोलावलं आणि पडद्याकडे बोट करून म्हणाले, "पोरी, या बिनसाखरेच्या चहात साखर कोणी घातली?"

बिनसाखरेच्या डिशमध्ये साखर होती. थोडी, पण पेशींना पुरेल एवढी.

ती मीच घातली होती. पेशींना नुसत्या द्रवावर जगता येत नाही. त्यात जनावराच्या रक्तातला पिवळसर भाग घालावा लागतो, सिरम. रक्त म्हटलं की त्यात साखर आलीच. म्हणून माग काढायच्या कामासाठी वेगळं सिरम असतं, साखर आणि बारीकसारीक सगळं धुऊन काढलेलं. दोन्ही बाटल्या एकाच फ्रीजरमध्ये असतात. धुतलेल्या सिरमवर पेशी सुरुवातीला मरगळतात, त्यांना सवय होऊ द्यावी लागते. मला तेवढं थांबायचं नव्हतं. पेशी तरतरीत दिसाव्यात म्हणून मी त्यांना नेहमीचं सिरम घातलं, नंतर बदलू असं ठरवलं, आणि बदललं नाही. हे आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवतात. गेल्या वर्षी मीच शिकवलं होतं.

म्हणजे मी ज्यांना उपाशी म्हणत होते त्या पेशी उपाशी नव्हत्या.

मी प्रयोग परत केला. या वेळी धुतलेलं सिरम, पुरती सवय होऊ देऊन. साखर नसलेल्या डिशमधल्या बहुतेक पेशी तळ सोडून वर तरंगल्या. आमच्याकडे तरंगणं चांगलं नसतं. त्या मेल्या होत्या.

यावर तुम्ही काय म्हणाल ते मला इथे बसून ऐकू येतं आहे.

माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी मैत्रीण म्हणाली, "घरी कशाला सांगतेस? आई खातेय ना? चुकीच्या चिठ्ठीवर बरोबर औषध मिळालं तर कोणी परत करायला जातं का?" मी बरेच दिवस याच वाक्यावर काढले. ते वाईट वाक्य नाही.

मॅडमना मात्र सांगावंच लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "घरी पाठवलास? माझ्या आधी?"

"वडिलांना पुरावा हवा होता."

"आणि खरा निकाल आला तो तुझ्याच विरुद्ध."

"हो."

"बाळ, तो बाजूने आला असता तरी काय उपयोग होता? डिशला यकृत नसतं. डिशला दंड-मांड्या नसतात. डिशला नवरा नसतो. तू डिशमधल्या पेशींकडून घरचं भांडण सोडवून घेत होतीस."

म्हणून आता जेवढं माहीत आहे तेवढंच लिहिते. डिशमध्ये साखर पूर्ण तोडली तर या जातीच्या पेशी मरतात. हे मी पाहिलं. माणसाच्या आत ती पूर्ण तुटतच नाही, कारण यकृत ती तुटू देत नाही, आणि तोडायच्या प्रयत्नात आधी माणूस वाळतो. हे मी पाहिलेलं नाही. दुसऱ्यांनी पाहिलं आहे, आणि दवाखान्याच्या काट्यावर ते तुम्हीही पाहिलं आहे. मावशी म्हणते की साखर सुरू झाल्यावरही वजन उतरतंच आहे. त्याचं कारण मला सांगता येत नाही. खरंच येत नाही.

मला तुमच्याशी पुराव्याने जिंकायचं होतं. आता माझ्याकडे पुरावा नाही. तरीही डबा काढू नका. ही विनंती आहे.

अजून एक. आईचं निदान झालं तेव्हा मी फोनवर म्हणाले होते की प्रयोग चालू आहे, निघता येणार नाही. पेशी गोठवून ठेवता येतात, वर्षानुवर्षं, परत आल्यावर पुढे सुरू करता येतं. हे तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून तुम्ही विचारलं नाहीत. इथे मला सगळे प्रश्न विचारतात आणि मी उत्तरं देते. घरी येऊन तिच्या खाटेपाशी बसले असते तर तिथेही सगळ्यांनी मलाच विचारलं असतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डोसची तारीख जवळ आली आहे.

वकील


२८ एप्रिल

आई,

हे पत्र तुला आहे. तुझ्या घरी मी एवढी पत्रं पाठवली आणि एकही तुझ्या नावाने नव्हतं, हे मावशीने दाखवून दिलं तेव्हा मला कळलं. "सगळं त्याला लिहितेस," ती म्हणाली. "खायचं कोणाला आहे?"

त्या दिवशी काय झालं ते तिने मला सविस्तर सांगितलं. ती तिथे होती हे बरं. तरी तुझ्यापुढे एकदा मांडते, म्हणजे माझं ऐकण्यात काही चुकलं असेल तर तुला सांगता येईल.

आप्पांनी माझं मागचं पत्र तुला मोठ्याने वाचून दाखवलं. पेशी मेल्या या वाक्यापाशी ते थांबले. म्हणाले, "म्हणजे माझंच बरोबर होतं." मग पुढचंही वाचलं, कारण अर्धवट वाचणं त्यांना जमत नाही, पण वाचून झाल्यावर उठले आणि डब्याकडे गेले.

तू म्हणालीस, "बसा."

मावशी म्हणते, तू एवढ्या खणखणीत आवाजात कित्येक महिन्यांत बोलली नव्हतीस. ते डबा हातात घेऊनच बसले.

"साखर घातली तरी मला तोंडात लोखंडासारखं लागतं," तू म्हणालीस. "नाही घातली तरी लोखंडच लागतं. दूध लोखंड, भात लोखंड, पाणीसुद्धा. तुम्ही साखर बंद केलीत तेव्हा बरं झालं होतं. नको म्हणायला एक कारण मिळालं. तुम्ही दिवसभर लोकांच्या घरी राबून येता आणि मग माझ्यासाठी चुलीपाशी उभे राहता. तोंडावर नको कसं म्हणू? म्हटलं, लेकीने सांगितलंय. तेवढ्यावर कोणी पुढे बोलत नव्हतं."

"आणि आता?" आप्पांनी विचारलं. "आता तर पेला रिकामा असतो."

"आता तिने मशीनवर करून दाखवलं, मग नको तरी कसं म्हणणार? बेसिनमध्ये ओतते रोज. प्लंबरचं घर आहे म्हणून अजून तुंबलं नाही."

आप्पांनी डबा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मग काय लोखंड लागत नाही?"

तू विचार करून म्हणालीस, "माहीत नाही. कोणी विचारलंच नाही."

मीही विचारलं नव्हतं, आई. तुझ्या पोटात जाणाऱ्या साखरेचं पुढे काय होतं यावर मी पानंच्या पानं लिहिली. ती तुझ्या तोंडात कशी लागते, हा प्रश्न मला सुचला नाही. आमच्या कामात तो कुठे येतच नाही.

दुसऱ्या दिवशी तू हे दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंना सांगितलंस. त्या म्हणाल्या, "अहो, मग आधी का नाही बोललात? निम्म्या लोकांना औषधाने असंच होतं." त्यांनी सांगितलं की स्टीलचा चमचा-पेला बंद करा, लाकडाचा किंवा प्लास्टिकचा घ्या, गरम नको, सगळं गार करून खा, आणि आधी लिंबाने चूळ भरा. मग आप्पा लाकडी चमचा शोधायला तीन दुकानं हिंडले आणि शेवटी कढईत ढवळायचा केवढा तरी मोठा घेऊन आले. तू म्हणालीस, "याने मला भरवणार की वल्हवणार?" मावशी इथे हसायला लागली आणि पुढचं तिला सांगता येईना.

गार उकडलेला बटाटा लोखंड लागत नाही, हे कळलं. गार दही अर्धं लागतं. केळं सकाळी चालतं, संध्याकाळी नाही. हे मी लिहून घेतलं नाही, पण मला पाठ झालं आहे.

वजन वाढलं नाही. उतरायचं मात्र थांबलं. डॉक्टरांनी डोस थोडा कमी केला, पण दिला. हे मावशीने फोनवर सांगितलं तेव्हा मी प्रयोगशाळेत होते आणि हातात पिपेट होतं. ते मी खाली ठेवलं. मशीनकाकांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, बटाटा. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. या इमारतीत लोक एकेका शब्दावर समाधान मानतात.

आप्पा आता दर तासाला येऊन "काय देऊ?" असं विचारतात आणि तू "शांतता" असं म्हणतेस, हेही ऐकलं. त्यांना विचारू दे. त्यांना बंद करायला व्हॉल्व्ह उरलेला नाही, हाताला काहीतरी हवं. माझंही तसंच आहे. मी पेशी गोठवायला दिल्या आहेत आणि मॅडमना रजेचं सांगितलं आहे. पुढच्या आठवड्यात निघते. माझ्याकडे उत्तर नाही हे आप्पांना आधीच सांगून ठेव, म्हणजे मी आल्या आल्या ते मागणार नाहीत.

आल्यावर मीही तुझ्यापुढे बश्या धरीन. आमच्या घराण्याला दुसरं काही येत नाही. त्यातलं जे नको वाटेल त्याला नुसतं नको म्हण. माझं नाव पुढे करू नकोस, मशीनचं नको, डॉक्टरांचं नको. नको म्हणायला तुला कारण लागत नाही.

तुझी,
लेक